मोजून ७७ आर भरतंय, क्लायंट म्हणतो ड्रॉइंगवर ८१ दाखव – खासगी सर्वेअरने कुठवर ऐकायचं?

मावळ_टीएस

नमस्कार मंडळी. सिव्हिल डिप्लोमा झाल्यावर काही वर्षं एका कन्सल्टंटकडे सर्वेला होतो, आता स्वतःचं टोटल स्टेशन (मोजणीचं मशीन) आहे, जीपीएस रोव्हर भाड्याने आणतो आणि मावळ-मुळशी भागात कॉन्टूर, रस्त्याच्या लेव्हल्स, लेआउट असली कामं करतो. हद्दीच्या भानगडीत शक्यतो पडत नाही, पण हे काम देताना फक्त "जागेचा सर्वे करून ड्रॉइंग द्या" एवढंच सांगितलं होतं आणि आता गाडी हद्दीवरच येऊन अडलीय.

जागा नवीन घेतलेली, सातबाऱ्यावर ०.८१ हेक्टर, म्हणजे ८१ आर, ढोबळ दोन एकर. जागेवर जे बांध, तारा, झाडं आहेत ती धरून मोजलं तर ७७ आर भरतंय. ट्रॅव्हर्स व्यवस्थित क्लोज होतोय, म्हणजे फिरून सुरुवातीच्या पॉइंटवर आल्यावर मापं जुळतात, मशीनचा दोष नाही. एका बाजूला रस्ता, एका बाजूला ओढा, एकीकडे जुना दगडी गडगा, त्यामुळे तिकडे कुणी काही बोलत नाही. पूर्वेला मातीचा बांध आहे आणि पलीकडे एका आजींचं भाताचं खाचर, आजी एकट्या राहतात, मुलगा मुंबईला. क्लायंटचं म्हणणं की कमी पडलेले चार आर पूर्वेकडूनच घे, लाइन सरकवून ८१ जुळव, त्याप्रमाणे सिमेंटचे पोल मार आणि ड्रॉइंगवर "शासकीय मोजणीनुसार" असं टाक. आधीच्या मालकाने सरकारी मोजणी केली होती म्हणतात, पण 'क' प्रत, म्हणजे त्या मोजणीच्या नकाशाची अधिकृत प्रत, कुणीच दाखवत नाहीये. एजंट म्हणतो तू फक्त ड्रॉइंग दे, पुढचं आम्ही बघतो. निम्मं पेमेंट अजून यायचंय.

खोटी लाइन मी काढणार नाही, ते ठरलंय. प्रश्न वेगळे आहेत. क्लायंटला हे नेमकं कसं सांगायचं आणि कागदावर काय लिहायचं? पोल मारायचा मला अधिकार आहे का? आणि तिसरं, मी साइटवर असताना आजींचा मुलगा आला आणि म्हणाला तुमचं मशीन इथं आहेच तर आमच्या बाजूचं पण मोजून द्या, काय होतील ते पैसे देतो. हे काम घेतलं तर चालेल का? आर्किटेक्टला १९७२ चा कायदा आहे, कौन्सिल आहे, आपल्याला तसं काही नाही, मग आपण नियम कुठले पाळायचे हे कुणी नीट सांगेल का.

---

सांगलीकर_सर्वे

भावा, लाइन काढणार नाही हे आधीच ठरवलंस ते बरं केलंस, आता बाकीचं सोपं आहे.

पहिलं म्हणजे क्षेत्र जुळवायच्या नादाला लागूच नको. आपल्यातले बरेच जण काय करतात मला माहितीये, कॅडमध्ये पॉलीलाइन घ्यायची, ज्या बाजूचा शेजारी गरीब किंवा गावात नसलेला त्या बाजूला ऑफसेट मारत जायचं आणि एरिया ८१०० चौरस मीटर दिसला की थांबायचं. पाच मिनिटांचं काम आहे. पण त्या पाच मिनिटांत तू जमिनीवर न बघितलेली रेघ कागदावर आणतोस आणि त्यावर तुझी सही असते. चार आर म्हणजे ४०० चौरस मीटर, जवळजवळ चार गुंठे. मावळात चार गुंठ्याला आज काय भाव आहे ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहिती.

आणि क्षेत्र हे नेहमी शेवटी येतं रे. आधी जागेवरची जुनी निशाणी, दगड असेल तर दगड, मग टिपणातली (मूळ सरकारी मोजणीच्या नोंदीतली) मापं, मग बाकीचं, आणि सगळं झाल्यावर त्यातून जे क्षेत्र निघेल ते निघेल. आपण उलटं करतो, क्षेत्र आधी पक्कं धरतो आणि हद्द त्याला बसवतो.

दुसरी गोष्ट, महाभूनकाशा या सरकारी साइटवरून गट नकाशा उतरवून गुगल अर्थवर बसवून "बघा शेजारी आत आलाय" असं सांगणारे हल्ली फार झालेत. नकाशा १:५००० चा असेल तर त्यावरची अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर अडीच मीटर होते. म्हणजे नुसत्या रेघेच्या जाडीत एक बैलगाडी जाईल. त्यात कागद आकसलेला, स्कॅन तिरका. त्यावरून कुणाच्या शेतात पोल मारायचे? रोव्हर फिक्स असला तर तू उभा आहेस ती जागा दोन-तीन सेंटीमीटरमध्ये सांगेल, पण तू बरोबर जागेवर उभा आहेस का हे त्याला कळत नाही.

तुझ्या ड्रॉइंगला नाव दे "जागेवरील अस्तित्वातील स्थिती दर्शवणारा नकाशा". खाली नोट टाक की बांध आणि कुंपण अमुक तारखेला जागेवर जसं दिसलं आणि मालकाने जसं दाखवलं तसं मोजलंय, हा हद्द कायम मोजणीचा (हद्द ठरवायच्या सरकारी मोजणीचा) नकाशा नाही, सातबाऱ्यावरचं क्षेत्र एवढं, मोजलेलं एवढं, फरक एवढा. फरक लपवू नको, उलट ठळक लिही. मशीनचं मॉडेल, सिरीयल नंबर, कंट्रोल पॉइंट कुठले घेतले ते पण लिही. तुझी सही, तारीख.

---

निवृत्त_भूकरमापक

मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून नोकरी पूर्ण करून निवृत्त झालो. सांगलीकरांनी टिपणाचा विषय काढला म्हणून लिहितो.

आमच्या सुरुवातीच्या काळात शंकू साखळी होती, ३३ फुटांची, १६ आणे. ३३ बाय ३३ म्हणजे १०८९ चौरस फूट, तो एक गुंठा. टिपणात प्रत्येक हद्दीची मापं साखळी-आण्यात लिहिलेली असतात आणि आजही जुन्या सर्व्हे नंबरचा वाद असला की तेच टिपण काढावं लागतं. तुम्ही ज्याला ७७ आणि ८१ चा फरक म्हणताय तो कुठून आला हे जागेवर उभं राहून कुणालाच सांगता येत नाही. विखुरलेले तुकडे जोडायच्या एकत्रीकरण योजनेत गट पाडताना चूक झाली असेल, रस्त्यात गेलेलं क्षेत्र सातबाऱ्यावरून कमी झालं नसेल आणि तशी दुरुस्ती करणारं कमी-जास्त पत्रक झालंच नसेल, ओढ्याने काठ खाल्ला असेल, पोटहिस्सा पाडताना आकारफोडीत (क्षेत्र आणि सारा वाटून लिहिण्यात) गडबड असेल. यातल्या कुठल्याच कारणात त्या आजींचा संबंध नाही. खरंच शेजाऱ्याचं अतिक्रमण असेल असंही होऊ शकतं, पण ते मोजणीत निघालं पाहिजे. चार कारणं शक्य असताना तुमचा क्लायंट पाचवंच घरात बसून ठरवतोय.

"शासकीय मोजणीनुसार" हे शब्द तर अजिबात टाकू नका. मोजणी झाली असेल तर तिला मोजणी रजिस्टर नंबर असतो, तारीख असते, लगतधारकांना नोटिसा गेलेल्या असतात, जागेवर पंचनामा आणि जबाब झालेले असतात. उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करून नक्कल मागा. प्रकरण असेल तर मिळेल. नसेल तर नवीन हद्द कायम मोजणीचा अर्ज ई-मोजणी या सरकारी पोर्टलवर क्लायंटने करावा, फी भरावी, आजींना रीतसर नोटीस जाईल, त्या आणि त्यांचा मुलगा जागेवर हजर राहतील, त्यांचं म्हणणं लिहून घेतलं जाईल. मोजणी मान्य नसेल तर निमताना, म्हणजे वरिष्ठांची फेरमोजणी आहे, ती उपअधीक्षक स्वतः करतात, त्यावर सुपर निमताना जिल्हा अधीक्षकांची. एवढ्या पायऱ्या उगीच ठेवलेल्या नाहीत. बांधाच्या दोन्ही बाजूंच्या माणसांसमोर जे होतं तेच टिकतं.

वागणुकीबद्दल विचारलंय म्हणून एक सांगतो. मोजणीला जाताना अर्जदार गाडी पाठवतो, दुपारी त्याच्याच घरी जेवणाचं ताट वाढलेलं असतं. आमचे एक वरिष्ठ होते, ते तालुक्यापासून एसटीने यायचे आणि डबा सोबत आणायचे. मला तेव्हा ते फार कडक वाटायचं. पण बांधावर उभा असलेला शेजारी पहिल्यांदा हेच बघतो की साहेब कुणाच्या गाडीतून उतरले. एकदा तुम्ही अर्जदाराच्या गाडीतून उतरलात की मग तुमची साखळी कितीही सरळ धरली तरी त्या माणसाच्या मनात मोजणी वाकडीच. तुम्ही खासगी आहात, क्लायंटच्या गाडीतून जाणं टळणार नाही, पण मोजताना शेजाऱ्याला हाक मारा, प्रिझम कुठे ठेवतोय ते त्याला बघू द्या.

---

धंद्याचं_बोला

सगळ्यांचं बरोबर आहे पण जरा जमिनीवर या. मी पण सर्वे करतो, नगर साइडला. दर किती पडलेत ते सगळ्यांना माहितीये, मशीनचे हप्ते, माणसांचा पगार, डिझेल. तू नाही म्हणालास तर क्लायंट दुसऱ्याकडे जातो, तो संध्याकाळी पाहिजे तसं ड्रॉइंग देतो, पोल पण मारून देतो. आजींचं नुकसान व्हायचं ते होतंच, फक्त तुझं काम गेलं. आणि सरकारी मोजणी म्हणाल तर तारीख मिळून माणूस येईपर्यंत लोकांचा जीव जातो, वरून काही ठिकाणी हात ओले केल्याशिवाय काम हलत नाही. म्हणूनच लोक आपल्याकडे येतात. कौन्सिल नाही, लायसन्स नाही, मग सगळा नियम एकट्या सर्वेअरनेच का पाळायचा?

---

बांधावरचा_शेतकरी

मी सर्वेअर नाही, शेतकरी आहे, हा धागा वाचून राहवलं नाही म्हणून खातं काढून लिहितोय. वरच्या दादांनी लिहिलंय आजींचं नुकसान व्हायचं ते होतंच, ते कसं होतं ते सांगतो.

आमच्या शेजारची जमीन बाहेरच्या माणसाने घेतली. एक दिवस दोन पोरं मशीन घेऊन आली, आम्हाला काही विचारलं नाही, मी जाऊन उभा राहिलो तर म्हणाली काका आम्ही फक्त मोजायला आलोय. आमच्या बांधाच्या आत पाच-सहा पावलांवर चुन्याची लाइन मारली आणि गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी जेसीबी आला आणि त्या चुन्यावरून चर काढला. बांधावरचं वडिलांनी लावलेलं आंब्याचं झाड मुळापासून उपटलं. मी पोलिसात गेलो तर समोरच्याने एक रंगीत नकाशा काढून दाखवला, त्यावर "मोजणीनुसार" लिहिलेलं, कुणाची मोजणी, कधीची, काही नाही. सही पण नव्हती, नुसतं फर्मचं नाव. पोलीस म्हणाले हा दिवाणी वाद आहे, कोर्टात जा. आता रंगीत नकाशा समोर असल्यावर गावातले लोक पण म्हणायला लागले की मशीनने मोजलंय म्हणजे बरोबरच असणार.

पुढे मी मोजणीचे पैसे भरले, मोजणी झाली, आमचा बांध जुना होता तिथंच निघाला, चर आमच्या हद्दीत. पण तोवर पेरणीचा हंगाम गेला, भाऊबंदांत बोलणी झाली आणि झाड तर गेलंच. त्या नवीन मालकाचा मला एवढा राग नाही येत, त्याला जमीन पाहिजे होती. राग त्या चुना मारणाऱ्या पोरांचा येतो, कारण त्यांना तो बांध दिसत होता. एवढा मोठा आंबा लाइनीच्या पलीकडे त्यांच्या बाजूला गेलेला दिसत होता, तरी विचारलं नाही की काका हे झाड कुणाचं. धंद्याचं बोला दादा, दुसरा कुणीतरी करणारच होता म्हणता, पण आमच्या शेतात आला तो दुसरा नव्हता, ज्याने चुना टाकला तोच होता.

---

अ‍ॅड_साताराकर

काका, तुमचं वाचून वाईट वाटलं. हद्दीच्या खुणा मुद्दाम पाडल्या, हलवल्या तर जमीन महसूल संहितेच्या कलम १४५ मध्ये दंडाची तरतूद आहे, आणि चर काढल्याच्या नुकसानभरपाईसाठी तुमच्या मोजणीचा नकाशा घेऊन दिवाणी दावा करता येईल, एखाद्या वकिलाला कागद दाखवाच.

मूळ प्रश्नाबद्दल. हद्दीचा वाद असेल तर तो ठरवायचं कलम १३५ मध्ये आहे, सर्व्हे नंबर किंवा पोटहिस्स्याची हद्द दाखवून देणं कलम १३६ मध्ये, आणि हद्द ठरल्यावर त्याचा परिणाम काय ते १३८ मध्ये. हे सगळं महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६. यात अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे आहेत, प्रत्यक्ष काम भूमी अभिलेख करतं. खासगी सर्वेअरचं नाव यात कुठेच येत नाही. म्हणजे तुम्ही मोजू शकता, नकाशा काढू शकता, पण हद्द "ठरवू" शकत नाही. त्यामुळे वादातल्या बाजूला पोल मारायचा अधिकार तुम्हाला नाही, आणि मालकाने सांगितलं म्हणून मारले तर उद्या दाव्यात तुमचं नाव पण येऊ शकतं.

सातबाऱ्यावरचं क्षेत्र चुकलंय असं निघालं तर त्याला कलम १५५ आणि १०६ ची वाट आहे, लेखनप्रमाद असेल तर १५५, मोजणी-आकारणीच्या अभिलेखातली चूक असेल तर १०६. शेजाऱ्याचा बांध ही त्याची वाट नाही. आणखी एक, खरेदीखतात चतुःसीमा स्पष्ट लिहिलेल्या असतील आणि क्षेत्राशी मेळ बसत नसेल तर कोर्ट साधारणपणे चतुःसीमा धरतं. तुमच्या क्लायंटच्या खतात पूर्वेला काय लिहिलंय ते वाचा, बहुतेक "पूर्वेस अमुक यांचा बांध" असंच असेल.

कोर्टात असे दावे आले की दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर २६ नियम ९ खाली कोर्ट कमिशन नेमलं जातं आणि बहुतेक वेळा भूमी अभिलेखचाच मोजणीदार येतो. खासगी नकाशा दाखल झाला तर तो काढणाऱ्याला साक्षीला यावं लागतं. भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ३९ मध्ये तज्ज्ञाचं मत आहे, पण तज्ज्ञ म्हणून पिंजऱ्यात उभं राहिल्यावर पहिला प्रश्न हाच येतो की ही लाइन तुम्हाला कुणी दाखवली आणि तुमची फील्ड बुक कुठे आहे. मी स्वतः उलटतपासणीत हाच विचारतो. ज्याच्याकडे रॉ डेटा, स्केच आणि तारीख असते तो शांतपणे उत्तर देतो.

हात ओले करण्याबद्दल, धंद्याचं बोला यांच्यासाठी. २०१८ च्या दुरुस्तीनंतर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात लाच देणारा पण गुन्हेगार आहे. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांच्या आत तक्रार केली तर संरक्षण आहे. लाचलुचपत विभागाचा टोल फ्री नंबर १०६४. सर्वेअर मधला माणूस म्हणून "साहेबांचे" पैसे क्लायंटकडून गोळा करत असेल तर तो पण अडकतो हे लक्षात ठेवा, ही सवय खूप जणांना आहे.

---

बेळगावचा_लायसन्सवाला

नमस्कार. मी बेळगाव जिल्ह्यात लायसन्स्ड सर्वेअर आहे. कर्नाटकात सर्व्हे नंबरातला तुकडा विकायचा, वाटणी करायची तर आधी ११ ई नकाशा लागतो, तो आम्ही काढतो. अर्ज सिस्टीममधून येतो, पार्टी आपला सर्वेअर निवडत नाही, आणि आमचं काम सुपरवायझर आणि एडीएलआर (भूमी अभिलेखचे सहायक संचालक) तपासतात. तुमच्याकडेही परवानाधारक खासगी भूमापक नेमायचं सरकारने जाहीर केलंय, तेव्हा आमचा अनुभव ऐका.

लायसन्स आलं म्हणून माणूस आपोआप सरळ वागत नाही. पण दोन गोष्टी बदलतात. एक, क्लायंटला तोंडावर सांगता येतं की साहेब माझा लायसन्स नंबर जाईल. वर धंद्याचं बोला म्हणाले एकट्याने नियम का पाळायचा, त्यांचं दुःख मला समजतं, आमच्या मागे खातं आहे म्हणून नाही म्हणायला बळ येतं, तुमच्या मागे आज कुणी नाही. दुसरं, काम वाटून येत असल्यामुळे पार्टीचं मन राखायची गरज कमी होते. तुमच्याकडे नियम बनतील तेव्हा सर्वेअर पार्टीने निवडायचा की सिस्टीमने द्यायचा हे नीट ठरवा म्हणून आवाज उठवा. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा तोच आहे. जो पैसे देतो तोच सर्वेअर निवडतो आणि तोच हद्दीचा वादी, हे तिन्ही एकाच माणसात आलं की कितीही चांगला पोरगा असू दे, दबाव येतोच.

तोवर तालुक्यातले तुम्ही आठ-दहा सर्वेअर एकत्र बसून एवढं तरी ठरवा की वादातल्या बांधावर पोल कुणीच मारणार नाही. मग दुसरा करतोच हा प्रश्नच राहत नाही.

---

दुबईतला_क्यूएस

मी क्वांटिटी सर्वेअर, जमीन मोजत नाही, बिलं मोजतो, पण आजींच्या मुलाचं काम घ्यायचं का हा प्रश्न आमच्याकडे रोजचा आहे म्हणून लिहितो. इकडे आम्ही बरेच जण आरआयसीएस या सर्वेअरांच्या ब्रिटिश संस्थेचे मेंबर असतो. त्यांचे पाच नियम आहेत, फेब्रुवारी २०२२ पासून लागू झालेले, प्रामाणिकपणा, स्वतःची क्षमता राखणं, काम नीट करणं, लोकांशी आदराने वागणं आणि जनहित. शिवाय हितसंबंधांच्या टकरावावर त्यांचं वेगळं निवेदन आहे. जमिनीच्या सर्वेअरसाठी एफआयजी या आंतरराष्ट्रीय महासंघाची १९९८ ची नमुना आचारसंहिता पण आहे. त्यामुळे भारतात कौन्सिल नाही म्हणून नियमच नाहीत असं समजू नका, शोधून वाचा आणि स्वतःच्या लेटरहेडवर टाका, कुणी अडवलेलं नाही.

आता उत्तर. एकाच बांधाच्या दोन्ही बाजू एका सर्वेअरने मोजणं मुळात चूक नाही, उलट दोघांच्या संमतीने एकच सर्वे झाला तर भांडण कमी होतं. पण तसं करायचं तर दोघांना आधी लेखी सांगायचं की मी दुसऱ्याचं पण काम करतोय, दोघांची सही घ्यायची, दोघांना तोच नकाशा द्यायचा. तुझ्या केसमध्ये एक पार्टी आधीच लाइन सरकवायला सांगतेय, म्हणजे वाद सुरू झालाय. पहिल्याने तुला काय सांगितलं हे तुला माहितीये, ते तू दुसऱ्याला सांगू शकत नाहीस आणि विसरूही शकत नाहीस. अशा वेळी दुसऱ्याचं काम नम्रपणे नाकारायचं. मुलाला एवढं सांगायला हरकत नाही की तुम्ही तुमचा स्वतंत्र सर्वेअर बघा किंवा सरकारी मोजणीचा अर्ज करा. क्लायंटची गुपितं यात येत नाहीत.

---

मावळ_टीएस

सगळ्यांचे मनापासून आभार. शेतकरी काकांचं वाचून तर परत साइटवर जाऊन तो बांध नीट बघून आलो, आजींच्या बाजूला बांधालगत एक जुनं हिरड्याचं झाड आहे आणि त्याच्या बुंध्याशी अर्धा गाडलेला दगड, मी पहिल्यांदा पॉइंट घेतले तेव्हा तो रानात झाकलेला होता. हद्दीचाच आहे असं मी म्हणत नाही, पण आता ड्रॉइंगमध्ये कोऑर्डिनेटसकट दाखवलाय, फोटो पण जोडलाय.

क्लायंटला मेसेजवर न बोलता पत्र लिहिलं. मोजलेलं क्षेत्र ७७, सातबारा ८१, फरकाचं कारण शोधायला भूमी अभिलेखकडून आधीच्या मोजणीची नक्कल मागवा किंवा नवीन हद्द कायम करून घ्या, त्या दिवशी मी माझा डेटा घेऊन फुकट येईन. पोल मारणार नाही, "शासकीय मोजणीनुसार" लिहिणार नाही. तो चिडला, म्हणाला उरलेलं पेमेंट विसर. एजंटने दोन कामं देणार होता ती पण थांबवली. आजींच्या मुलाला काम नाकारलं, ई-मोजणीचा अर्ज कसा करायचा तेवढं सांगितलं.

आता नवीन अडचण. क्लायंट म्हणतो पैसे देतो पण आधी डीडब्ल्यूजी (कॅडमध्ये बदलता येणारी) फाइल दे, पीडीएफ नको. मला भीती वाटते की तो दुसऱ्याकडून लाइन सरकवून घेईल आणि खाली माझंच टायटल ब्लॉक राहील.

---

सांगलीकर_सर्वे

दगड दाखवलास ते फार चांगलं केलंस, हे मोजणीच्या दिवशी कामाला येईल.

डीडब्ल्यूजी कामाच्या अटीत ठरली असेल तर द्यावी लागेल, अडवून ठेवू नको, तो त्याचा माल आहे. पण देताना टायटल ब्लॉक, सही आणि फर्मचं नाव काढून नुसती पॉइंट आणि लाइनवर्कची फाइल दे. सही असलेली पीडीएफ वेगळी, आणि ती ज्या मेलने पाठवशील त्याच मेलमध्ये लिही की सही असलेली पीडीएफ हाच माझा अंतिम नकाशा, डीडब्ल्यूजीमध्ये पुढे केलेल्या बदलांची जबाबदारी माझी नाही. कोऑर्डिनेट लिस्ट पण त्याच मेलला जोड. उद्या कुणी ८१ ची लाइन घेऊन आला तर तुझी लिस्ट आणि मेलची तारीख समोर ठेवता येईल. रॉ फाइल मशीनमधून काढून दोन ठिकाणी ठेव, मशीन विकलंस तरी डिलीट करू नको.

पेमेंटसाठी बिल आणि स्मरणपत्र पाठवत राहा. पुढच्या कामाला निम्मे पैसे आगाऊ आणि उरलेले ड्रॉइंगचा ड्राफ्ट दाखवल्यावर, फायनल द्यायच्या आधी, असं वर्क ऑर्डरमध्येच लिही.

---

निवृत्त_भूकरमापक

त्या दगडाला हात लावू नका, सरळ उभा करू नका, आजूबाजूची माती पण काढू नका. आजींच्या मुलाला आणि तुमच्या क्लायंटला, दोघांनाही सांगा की मोजणीदार येईपर्यंत तो आहे तसाच राहू द्या. मोजणीची तारीख लागली की इथे कळवा, नकलेत टिपण मिळालं तर त्यातली मापं कशी वाचायची ते मी सांगतो.